जनरल रजिस्टरमधलं नाव आणि परदेशाचा अर्ज



आजचा लेख कुठल्या पाठावरचा किंवा कवितेवरचा नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी आपण रजिस्टरमध्ये मुलाचं नाव लिहितो, ते नाव पुढे कुठवर प्रवास करतं याबद्दल आहे. मला स्वतःला हे नीट कळलं ते एका आईमुळे, आणि माझ्या एका चुकीमुळे.

निकालपत्रकं वाटून झाली होती. वर्ग रिकामा झाला आणि चौथीतल्या एका मुलीची आई प्लास्टिकची फाईल घेऊन टेबलापाशी आली. वडील सीप्झमध्ये नोकरीला, घर मरोळ पाइपलाइनच्या बाजूला.

"बाई, आमच्या कॅनडाच्या पीआरचं निमंत्रण आलंय. साठ दिवसांत सगळे कागद चढवायचे आहेत, आणि हिच्या जन्मदाखल्यावर नावच नाही."

मी दाखला पाहिला. जन्मतारीख होती, दवाखाना होता, आई-वडिलांची नावं होती. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. मुलगी दहा वर्षांची, पासपोर्ट आहे, आधार आहे, आमच्या शाळेत चार वर्षं शिकली, पण जन्माच्या सरकारी नोंदीत तिला नाव नव्हतं.

असं होतं कसं? आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. पुष्कळदा आत्याची सवड, मामाची रजा, गावाहून येणारी आजी यात ते सव्वा महिन्यावर जातं. जन्माची खबर मात्र 21 दिवसांत द्यायची असते आणि दवाखाना ती लगेच देतो. त्या वेळी नाव ठरलेलं नसतं, म्हणून नोंद नावाशिवाय होते. पुढे पालकांनी महापालिकेत जाऊन नाव घालायचं असतं. कोणी जात नाही, कारण अडत नाही. शाळेत प्रवेश तर आपण देतोच.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात यासाठी सोय आहे. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. पुढे साधा अर्ज चालत नाही. अधूनमधून सरकारने मुदतवाढ दिली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. आमच्या मुलीला अजून पाच वर्षं शिल्लक होती. जन्म ज्या विभागात झाला त्याच विभागाच्या कार्यालयात अर्ज करायचा, सोबत जुना दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं आणि मुलीचं नाव दाखवणारा शाळेचा कागद. म्हणून त्या बोनाफाईड मागायला आल्या होत्या.

मी म्हटलं, "ताई, दहा मिनिटांत देते." आणि तिथेच अडले.

मुलीच्या नावात 'क्ष' आहे. पासपोर्टवर तो के-एस-एच असा लिहिलेला. आमच्या ऑनलाइन नोंदीत मात्र सरळ एक्स. पहिलीच्या वेळी ती माहिती मीच भरली होती. त्या दिवशी प्रवेशाची रांग होती, साइट सारखी बंद पडत होती, आणि मी आईला स्पेलिंग विचारलंसुद्धा नाही. मला जे बरोबर वाटलं ते टाइप केलं. बोनाफाईड इंग्रजीत त्याच नोंदीवरून निघतं. मी तसंच दिलं असतं तर विभाग कार्यालयात जन्मनोंदीच्या इंग्रजी रकान्यात एक्स गेला असता, पासपोर्टवर के-एस-एच राहिला असता, आणि मग दुरुस्तीचा वेगळा अर्ज. साठ दिवसांतले किती दिवस त्यात गेले असते, कोण सांगणार?

जनरल रजिस्टर मराठीत आहे, त्यात नाव बरोबर होतं. म्हणून वाचलो. मुख्याध्यापकांशी बोलून ऑनलाइन नोंदीतलं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे दुरुस्त केलं आणि मग बोनाफाईड दिलं. रजिस्टरमध्येच चूक असती तर शिक्षण खात्याची मंजुरी घ्यावी लागली असती. नवीन शिक्षकांना हे मुद्दाम सांगते: पालक कितीही गयावया करोत, रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. तो कागद उद्या कोर्टातही जाऊ शकतो.

मराठीत एक नाव, रोमनमध्ये तीन

हा प्रश्न एका 'क्ष'चा नाही. आपल्या वर्गातली हजेरी डोळ्यांसमोर आणा. 'ज्ञ' कोणी डी-एन-वाय लिहितं, कोणी जी-वाय, कोणी जे-एन. 'ऋ' कुठे आर-यू, कुठे आर-आय. दीर्घ 'ई'ला एकदा आय, एकदा डबल ई. 'ळ'ला तर अक्षरच नाही. आपल्या मेट्रो स्टेशनचंच बघा. मराठीत 'मरोळ नाका', इंग्रजी पाटीवर शेवटी एल. बाहेरून आलेला माणूस ते 'मरोल'च वाचणार, आणि त्याची चूकही नाही.

व्यक्तीचं नाव रोमन लिपीत कसं लिहावं याचं सर्वांना बंधनकारक असं कोष्टक आपल्याकडे नाही. घरचे ठरवतील ते, नाहीतर फॉर्म भरणारा ठरवेल ते. हा फॉर्म भरणारा म्हणजे पुष्कळदा आपण. परदेशातल्या कचेरीतला अधिकारी मराठी वाचत नाही. त्याला दोन कागदांवर दोन स्पेलिंगं दिसली की त्याच्या लेखी त्या दोन व्यक्ती असू शकतात. तो खुलासा मागतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो, त्याचं कामच ते आहे.

आईच्या फाईलमधली चार नावं

मुलीचं काम मार्गी लागल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, माझे कागद पण एकदा बघाल का?" मला वाटलं पाच मिनिटं. तास गेला.

त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला साताऱ्याकडच्या शाळेचा. त्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पदवीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. पासपोर्टवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आणि बँकेत नुसतं नाव आणि आडनाव. एकाच बाईची चार नावं. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, कारण आपल्या घराघरात हेच आहे. पण जरा लांबून बघा. लग्नानंतर आपल्याकडे स्त्रीच्या तीनपैकी दोन शब्द बदलतात. काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, म्हणजे तिन्ही बदलले! शाळेचा दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवले तर एकही शब्द जुळत नाही.

हा सांधा जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नाची पत्रिका, देवळाची पावती, हॉलचं बिल यातलं काही त्याची जागा घेत नाही. 1998 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी होते. लग्नाला वर्षं लोटली असली तरी उशिराने करता येते. पहिलं नावही बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतलेला बरा. आणि "या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच" असं प्रतिज्ञापत्र जोडावं.

त्या हळूच म्हणाल्या, "माहेरचं नाव लिहिलंच नाही तर? उगीच प्रश्न वाढतील." नाही, असं करू नका. कॅनडाच्या फॉर्ममध्ये "पूर्वी दुसरं नाव वापरलं आहे का" असा सरळ प्रश्न असतो. उत्तर "हो" द्यायचं आणि सगळी नावं लिहायची. नाव बदललं म्हणून कोणाचा अर्ज बाद होत नाही. लपवलं असं वाटलं तर मात्र गोष्ट वेगळी.

पासपोर्टचं आणखी एक. त्यात दोनच रकाने: दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या रकान्यातच बसतं. त्यामुळे परदेशात मुलीला तिच्या नावाला जोडून बाबांच्या नावानेही हाक मारतात, आणि मुलं आधी बावचळतात, मग हसतात. पण आडनावाचा रकाना कोरा ठेवण्याचा परिणाम हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम काढला, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी लोकांची धावपळ झाली.

आणि आता आपल्याकडे नावाचा क्रमही बदलला आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी शासनाने ठरवलं: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण ही मुलं 2030 च्या आसपास आपल्याकडे पहिलीला येतील, तेव्हा चार शब्दांचं नाव दोन रकान्यांत कसं बसवायचं हे पालक आपल्यालाच विचारणार. जन्मदाखल्यावर आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहा, एवढं मी आताच सांगून ठेवते.

"बाई, भाषांतर तुम्हीच करून द्या ना"

ही विनंती झालीच. साताऱ्याचा दाखला पूर्ण मराठीत, हाताने भरलेला. मला दोन्ही भाषा येतात, शाळेचा शिक्का हाताशी आहे. मोह होतो. पण कॅनडाचा नियम असा की जो कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नाही त्याचं भाषांतर द्यायचं, आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याने "हे भाषांतर अचूक आहे" असं शपथपत्र द्यायचं. अर्जदाराने स्वतः किंवा नात्यातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. मी नात्यातली नव्हे, पण शपथेवर लिहून द्यायचं तर ते काम ज्याचं रोजचं आहे त्याच्याकडे द्यावं असं मी सुचवलं. मात्र भाषांतर हातात आल्यावर आम्ही दोघींनी बसून ते मूळ दाखल्याशी ओळ न् ओळ ताडून पाहिलं. भाषेच्या शिक्षकाला तिथे भरपूर काम आहे.

एक, शिक्के आणि समासातले शेरेसुद्धा भाषांतरात यायला हवेत. आपले महापालिकेचे जन्मदाखले बहुतेक दोन्ही भाषांत असतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण गोल शिक्का मराठीत असतो, कधी हाताने लिहिलेला शेराही. दोन, जे लिहिलं आहे तेच उतरवायचं, जे असायला हवं होतं ते नाही. मूळ दाखल्यावर वडिलांच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. भाषांतरकाराने चांगुलपणाने ते सुधारून टाकलं. तेच उलट करून घ्यावं लागलं. चूक दुरुस्त करायची तर मूळ कागदावर, भाषांतरात नव्हे. तीन, 'वर्तणूक', 'इयत्ता', 'पोटजात', 'अभ्यासातील प्रगती', 'सबब' हे शब्द. 'सबब' म्हणजे नुसतं कारण, बहाणा नव्हे. आमच्या भाषांतरात शाळा सोडण्याच्या सबबीचा पहिल्या खेपेला बहाणाच झाला होता!

अपोस्टिल पाहिजे का?

यावर थोडक्यात. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने मानावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते प्रमाणपत्र. भारत या करारात 2005 पासून आहे, कॅनडात तो 11 जानेवारी 2024 ला लागू झाला. आधी राज्याच्या खात्याची सही लागते, म्हणजे आपल्यासाठी मंत्रालय, आणि मग केंद्राचं अपोस्टिल. त्याचं सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये, सेवाशुल्क वेगळं. पण कॅनडाच्या पीआरला प्रत्येक कागदावर अपोस्टिल मागितलेलं नसतं. या ताईंकडे एका एजंटने अकरा कागदांचे पैसे सांगितले होते. आपल्या अर्जाच्या यादीत तो शब्द आहे का हे आधी वाचा. काही देशांना तो लागतोच, काहींना चालत नाही. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला होता. आणि कृपा करून दाखले लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्का बसत नाही. वर्गातल्या पालकसभेत मी हे सांगितलं तेव्हा निम्म्या आयांनी एकमेकींकडे पाहिलं.

युक्रेनहून परतलेला मुलगा

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनला गेला होता. मार्च 2022 मध्ये 'ऑपरेशन गंगा'त परत आला. त्या वेळी सुमारे 22,500 भारतीय तिथून मायदेशी आले, त्यात बहुतेक विद्यार्थी. या मुलाला आता कॅनडाला अर्ज करायचा आहे. मधल्या काळात या विषयातल्या माझ्या 'ज्ञाना'ची ख्याती पसरली असावी, कारण तोही भेटायला आला.

त्याची अडचण अशी. अठरा वर्षांच्या वयानंतर, गेल्या दहा वर्षांत, ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला कॅनडा मागतो. भारताचा पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. तो फार आधी काढून ठेवला तर शिळा होतो, कारण सध्या राहत असलेल्या देशाचा दाखला अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलाच लागतो. युक्रेनचा दाखला तिथल्या गृह मंत्रालयाचा. देश कायमचा सोडल्यानंतर काढलेला असला की पुरे. तो येतो युक्रेनियन भाषेत, त्यांच्या लिपीत, आणि त्याचं पुन्हा इंग्रजी भाषांतर करावं लागतं.

म्हणजे नाव रोमनमधून त्यांच्या लिपीत गेलं आणि परत रोमनमध्ये आलं. इथे गंमत आहे. युक्रेनने 27 जानेवारी 2010 ला आपल्या लिपीतून रोमनमध्ये नावं लिहायचं एक कोष्टक सरकारी ठरावाने पक्कं केलं. प्रत्येक अक्षराला ठरलेलं रोमन अक्षर. आपल्याकडे नाही तेच. पण रशियन भाषेत जे अक्षर 'ग' असं वाचतात तेच युक्रेनियनमध्ये 'ह' आहे. 'ग'साठी त्यांचं वेगळं, कमी वापरातलं अक्षर आहे. कारकुनाने सवयीने पहिलं अक्षर वापरलं, तर 'गणेश' कोष्टकातून 'हनेश' होऊन बाहेर येऊ शकतो. आणि 'हर्षद'चा 'ह' त्यांनी 'ख'च्या जवळच्या अक्षराने लिहिला तर तो 'खर्षद'. म्हणून मी त्याला एवढंच सुचवलं: भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्यायची, नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवायला सांगायचं आणि मूळ लिपीतून कसं उतरतं याची टीप खाली घ्यायची.

त्याच्या कागदांवरून मी युक्रेनी लोकांच्या नावांबद्दल थोडं वाचलं. त्यांचंही नाव तीन शब्दांचं: आडनाव, नाव आणि वडिलांच्या नावापासून बनवलेलं पितृनाम. अगदी आपल्यासारखं! फरक असा की लग्नानंतर बाईचं आडनाव बदललं तरी पितृनाम तेच राहतं. युद्धामुळे देश सोडलेल्या तिथल्या कुटुंबांचीही हीच ओढाताण आहे. ज्यांचा जन्म सोव्हिएत काळातला, त्यांचे दाखले बहुधा युक्रेनियन आणि रशियन अशा दोन भाषांत. एकीत 'मिकोला', दुसरीत 'निकोलाय', माणूस एकच. अपोस्टिलसाठी बहुतेकदा जुना दाखला बदलून नव्या नमुन्यातला काढावा लागतो. जन्म-विवाहाच्या कागदांवर तिथलं न्याय मंत्रालय अपोस्टिल लावतं, शिक्षणाच्या कागदांवर शिक्षण मंत्रालय. मिकोलाची आई आणि आमच्या पाइपलाइनच्या ताई एकाच रांगेत उभ्या आहेत असं मला वाटून गेलं.

आणि मरोळ गावठाणातले आपले ईस्ट इंडियन शेजारी? त्यांच्याकडे जुन्या पिढीच्या जन्माची महापालिकेची नोंद सापडली नाही तरी चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद असते. ती जन्मनोंदीच्या जागी बसत नाही, पण महापालिकेकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घेतला की त्याला जोड म्हणून उपयोगी पडते.

आता जूनमध्ये आम्ही काय करतो

पहिलीच्या प्रवेशाला पालकांकडून जन्मदाखल्याची झेरॉक्स घेतो, ती आधीही घेत होतो. आता ती वाचतो. नावाचा रकाना कोरा असेल तर त्याच दिवशी पालकांना सांगतो आणि दिवाळीपर्यंत विचारत राहतो. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे, शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत. तेव्हा कोरा रकाना परवडणार नाही.

मग एका कागदावर आईने स्वतःच्या हाताने मुलाचं नाव मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि सही करायची. इंग्रजी येत नसेल तर आधार आणि जन्मदाखला समोर ठेवून आम्ही लिहितो आणि एकेक अक्षर वाचून दाखवतो. त्यानंतरच ऑनलाइन नोंद. मुलामागे चार मिनिटं जास्त लागतात. पहिल्या वर्षी सहकारी कुरकुरले, मीही कंटाळले.

चौथीत मुलांसाठी एक उपक्रम घेतला: 'माझं नाव किती ठिकाणी?' घरच्या कागदांवर आपलं नाव कसकसं लिहिलं आहे ते पालकांसोबत बघायचं आणि वहीत उतरवायचं. कागद शाळेत आणायचे नाहीत, आधार क्रमांक लिहायचा नाही, हे आधीच बजावलं. एका मुलाला स्वतःची पाच स्पेलिंगं सापडली. त्याला ते भारीच वाटलं, वर्गभर सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील रिक्षा बाहेर उभी करून वर आले आणि म्हणाले, "बाई, यातलं खरं कुठलं धरायचं?"

आम्ही जन्मदाखला काढून बघितला. त्यावर सहावंच होतं.

पाइपलाइनच्या ताईंचा अर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी गेला. मुलीच्या जन्मदाखल्यावर आता नाव आहे, 'क्ष'साठी के-एस-एच.